पाहण्याचा गोवा, राहण्याचा गोवा

गोव्याविषयी मराठीत जितके गोड लिहिले गेले आहे, तितके दुसऱ्या क्वचितच एखाद्या मुलखाविषयी लिहिले गेले असेल. माड, पोफळी, तांबडी माती, नदीकाठचे पांढरेशुभ्र चर्च, मंगेशी-शांतादुर्गेच्या दीपमाळा अशा चार ओळी लिहून झाल्या की गोवा उभा राहतो आणि वाचकही खूष होतो. माझी तक्रार एवढीच आहे की असा उभा राहिलेला गोवा कधी खाली बसत नाही. तो जेवत नाही, उधारी मागत नाही, भावाशी भाटावरून भांडत नाही, कचेरीत हेलपाटे घालीत नाही. तो नुसता सुंदर दिसतो.

गेली वीस वर्षे मी या राज्याच्या एका आतल्या तालुक्यात मास्तरकी करीत आहे आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहीत आहे. मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेली नाही. तेव्हा समीक्षाशास्त्राची परिभाषा वाचकांनी माझ्याकडून अपेक्षू नये. या मुलखावरचे पुस्तक हाती आले की मी त्याला एकच साधा प्रश्न विचारतो : यातल्या माणसाला उद्या सकाळीही इथेच राहायचे आहे काय? की तो सूर्यास्त पाहून परतीच्या गाडीत बसणार आहे?

बा. भ. बोरकर, म्हणजे आमचे बाकीबाब, यांच्यापासूनच आरंभ करावा हे बरे. गोव्याच्या भूमीवरची त्यांची कविता ज्याला पाठ नाही असा मराठी माणूस माझ्या पिढीत तरी विरळाच. या थोर कवीने मराठीला गोव्याचे डोळे दिले, हे ऋण न फिटणारे आहे. ते स्वतः पाहुणे नव्हते, बोरीचे होते. पोर्तुगीज अमदानीत त्यांनी शाळामास्तरकी केली आणि ‘भावीण’सारखी कादंबरी लिहून देवळाच्या दीपमाळेखालचा अंधारही दाखविला. असे असूनही मराठी वाचकाने त्यांच्याजवळून घेतले काय? तर माड आणि चांदणे! ‘भावीण’ मागे पडली, गाणी राहिली. यात कवीला बोल लावण्यात अर्थ नाही. पण कविता पाठ करणाऱ्याला वाटू लागते की हा मुलूख आपल्याला ठाऊक झाला, आणि मग त्याविषयी आणखी काही वाचण्याची त्याला गरज भासत नाही. पुढे पर्यटनाच्या जाहिराती निघाल्या, त्यांना नवे रंग शोधावे लागले नाहीत. ते आम्हीच आधी कालवून ठेवले होते.

याचा परिणाम कुठवर झाला आहे हे मी वर्गात पाहतो. ‘माझा गाव’ या विषयावर निबंध घातला की निम्मी मुले समुद्रकिनाऱ्याचे वर्णन करतात. आमच्या गावापासून समुद्र वीस-पंचवीस मैलांवर आहे. मुलांच्या घरी काजूची बाग असते, कुळागर असते, पाटाचे पाणी कोणी आधी घ्यायचे यावरून वाद असतो. त्यातले काहीच निबंधात येत नाही. ‘लाटा किनाऱ्याशी खेळत असतात’ एवढे मात्र बिनचूक येते. ज्या मुलाने आपले गाव पाहुण्याच्या डोळ्यांनी पाहावयास शिकले, त्याला उद्या ते गाव विकताना जड जाईल काय, ही शंका मला निबंध तपासताना दर वर्षी येते.

आता थोडे हिशेबाचे बोलू. गोवा म्हणजे 3,702 चौरस किलोमीटरचा मुलूख. 2011 च्या खानेसुमारीप्रमाणे इथली वस्ती साडेचौदा लाखांच्या आसपास. मुंबईच्या दोन-चार उपनगरांत एवढी माणसे सहज मावतील. एवढ्याशा प्रदेशाला स्वतंत्र विधानसभा, स्वतंत्र मंत्रिमंडळ आणि 30 मे 1987 पासून घटक राज्याचा दर्जा आहे. हे आपोआप घडले नाही. 19 डिसेंबर 1961 ला पोर्तुगीज गेले आणि पाचच वर्षांनी, 16 जानेवारी 1967 रोजी, महाराष्ट्रात विलीन व्हावयाचे की वेगळे राहावयाचे, असा प्रश्न मतपेटीद्वारे लोकांना विचारण्यात आला. ‘फूल’ म्हणजे विलीनीकरण, ‘दोन पाने’ म्हणजे वेगळेपण. दोन पानांना 1,72,191 मते पडली आणि फुलाला 1,38,170. फरक 34,021 मतांचा. म्हणजे लहान राहणे हे गोव्याच्या नशिबाला आलेले नाही. ते त्याने मत देऊन पत्करले आहे. यातली एक गंमत मराठी वाचकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. कोंकणी गोव्याच्या वेगळेपणासाठी झालेली सर्वांत तिखट लढाई मराठीतच लढली गेली. मडगावच्या ‘राष्ट्रमत’ या मराठी दैनिकात उदय भेंब्रे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर लिहीत, आणि कोंकणी घराघरांतून ते मराठीत वाचले जाई.

ज्यांनी फुलावर शिक्का मारला आणि ज्यांनी पानांवर मारला, ते एकाच वाड्यात, कित्येकदा एकाच माजघरात राहत होते. दुसऱ्या दिवशीही त्यांना एकाच विहिरीवर पाणी भरावयाचे होते. मोठ्या प्रांतात भांडलेली माणसे एकमेकांपासून दूर राहावयास जातात. इथे जायला जागा कुठे आहे? लहान राज्यात राहणे म्हणजे काय, याचे उत्तर मला वाटते इथे सुरू होते.

इथे अनोळखी राहण्याची सोय नाही. पणजीच्या कचेरीत गेलो तर टेबलापलीकडचा माणूस आधी आडनाव विचारतो, मग गाव, मग ‘अमक्याचा कोण?’ हे कळेपर्यंत कागद पुढे सरकत नाही. आमदार निवडून येतो तो सरासरीने छत्तीस हजार वस्तीच्या मतदारसंघातून, आणि त्यातली मते देणारी माणसे आणखी कमी. त्यामुळे तो बारशाला येतो, लग्नाला येतो, मर्तिकाला तर येतोच येतो. न आल्यास पुढच्या खेपेला पाचशे मते गेली म्हणून समजावे. मारियो मिरांडा यांची व्यंगचित्रे पुष्कळांनी केवळ विनोदी म्हणून पाहिली आहेत. पुन्हा एकदा नीट पाहावीत. एका गावाच्या चित्रात पाद्री, पावाची टोपली घेतलेला पदेर, मासळीवाली, खिडकीतली म्हातारी, बालकांवावर बसलेला भाटकार आणि तीन कुत्री असतात. आणि यांतला प्रत्येक जण दुसऱ्या कोणाकडे तरी टक लावून पाहत असतो. लोटलीच्या या चित्रकाराने लहान मुलखाचे सुख आणि जाच एकाच चौकटीत बसविले. आमच्या गद्याला हे क्वचितच साधले आहे.

सुख आहेच, ते नाकारण्याचा कृतघ्नपणा मी करणार नाही. दिवाळीचेच घ्या. नरकासुराचे मोठाले पुतळे आणि त्यांच्या स्पर्धा पाहावयास आता बाहेरून लोक येतात, छायाचित्रे काढतात. पण चतुर्दशीच्या पहाटे अंगणात तुळशीपुढे कारीट फोडल्यावर जो खरा सण सुरू होतो, त्याचे छायाचित्र निघत नाही. रोसातले फोव, गोडाचे फोव, बटाट्याचे फोव, ताकातले फोव असे प्रकार घरोघर होतात आणि घरोघर जाऊन खावे लागतात. ‘पोट भरले’ हे कारण कोणी मानीत नाही. शेजारच्या ख्रिस्ती घरी ताट जाते. नाताळात तेच ताट दोदोल आणि नेवऱ्या घेऊन परत येते. रिकामे ताट परत पाठवू नये, हा नियम कोणत्या धर्माचा, हे कोणी विचारीत नाही.

दामोदर मावजो यांच्या लेखनाला मी वरचे स्थान देतो, ते ह्या ताटाची दोन्ही टोके त्यांना ठाऊक आहेत म्हणून. रवींद्र केळेकरांनंतर कोंकणीला ज्ञानपीठाचा मान मिळाला तो त्यांच्यामुळे. माजोर्ड्याला त्यांच्या घराण्याचे दुकान होते, आणि ते दुकान चालवीत त्यांनी लिहिले हे सर्वश्रुत आहे. लेखकाला दुकानासारखी शाळा नाही, असे मी शाळेतला माणूस असूनही म्हणतो. कोणाच्या घरी साखर कमी झाली, कोणाची उधारी एकाएकी फिटली, कोणाच्या नावाने परदेशातून पाकीट आले, हे दुकानदाराला पाद्रीच्या आधी कळते. त्यांची ‘कार्मेलीन’ 1981 साली निघाली आणि 1983 साली तिला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. एक ख्रिस्ती बाई, व्यसनी नवरा आणि लहान मुलगी मागे ठेवून, कुवेतला घरकामाला जाते. तिथे तिला काय काय सोसावे लागते, आणि ते सोसून ती मुलीला कशी वाढविते, एवढीच गोष्ट. कथानकात दुःखांची रास लेखकाने जरा जास्तच रचली आहे असे मला वाटते. दोन आपत्तींच्या मध्ये वाचकाला दम घेऊ द्यावा. परंतु एक गोष्ट या कादंबरीत अशी आहे की जी गोव्यावरच्या पन्नास रम्य पुस्तकांत सापडावयाची नाही. ती म्हणजे, घर टिकावे म्हणून घर सोडणे.

लहान मुलूख आपल्या सर्वांना पोसू शकत नाही, हे गणित जुनेच आहे. आधी तारवटी झाले. आगबोटींवर खलाशी, बटलर, वाजंत्री होऊन गेले. त्यांच्या गावांनी मुंबईत धोबीतलावाच्या बाजूला ‘कूड’ उभारले. गावच्या माणसाने बोट मिळेपर्यंत तिथे पथारी टाकावी, पेटी ठेवावी, संध्याकाळी सर्वांबरोबर तेर्स म्हणावा. मग आफ्रिका झाली, आखात झाले. पुढे 2020 पर्यंत पोर्तुगालचे नागरिकत्व घेऊन इंग्लंड गाठीत. कार्मेलीन या रांगेतली एक बाई आहे. पण पुरुषाच्या परदेशाची गाणी होतात आणि बाईच्या परदेशाची कुजबूज होते. मावजोंनी ही कुजबूज ऐकली आणि तिला स्पष्ट शब्द दिले. गावाला सारे ठाऊक असणे हा जिथे आधार असतो, तिथेच तो फासही होतो.

पुंडलीक नायक यांची ‘अच्छेव’ ही दुसरी महत्त्वाची कादंबरी, 1977 ची. घर सोडून न गेलेल्यांचे काय होते, हे तिने सांगितले. कोळंब नावाचे शेतकऱ्यांचे गाव. तिथे खाण येते. पंढरी आणि रुक्मिणीचे कुटुंब शेतावरून खाणीवर जाते. रोजचा पैसा दिसू लागतो आणि त्यापाठोपाठ दारू, ट्रक, धूळ, परकी माणसे येतात. शेत, जत्रेतले मान, घरातले नाते, सारे एकामागून एक उकलत जाते. ही आटोपशीर कादंबरी मी तीनदा वाचली आहे. तिसऱ्या खेपेस असे वाटले की गावाचा नाश फार वेगाने होतो. पडणाऱ्या माणसाने एकदा तरी कशाला तरी धरण्याची धडपड करावी, ती इथे अपुरी आहे. पण भाषा मात्र अस्सल! फोंडा भागातल्या मातीचा वास तिला आहे, आणि ज्याने हातात कोयता धरला नाही त्याला ती लिहिता आली नसती.

या कादंबरीचे मोल कालांतराने वाढले. डोंगरातले लोखंड बार्जीत भरून मांडवी-जुवारीतून मुरगावच्या बंदराकडे जात राहिले. 2012 साली सरकारी आदेशाने आणि मग सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खाणी बंद पडल्या. 2018 साली न्यायालयाने 88 खाणींचे पट्टे रद्द केले. त्या वर्षांत माझ्या शाळेतल्या मुलांचे बाप दारात उभे असलेल्या ट्रककडे पाहत बसलेले मी पाहिले आहेत. शेत गाळाने भरलेले, ट्रकवर कर्ज. ‘खाण वाईट’ असे म्हणणाऱ्यांशी त्यांचे भांडण होते आणि ‘खाण हवी’ म्हणणाऱ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. ‘अच्छेव’चा दुसरा भाग कोणी लिहील तर तो या माणसांचा असेल. मोठ्या राज्यात एक तालुका बुडाला तर नकाशावर कळत नाही. इथे सत्तरी, सांगे, दिचोली हे तालुके म्हणजेच राज्याचा मोठा हिस्सा.

महाबळेश्वर सैल यांच्याविषयी खरे म्हणजे स्वतंत्र लेख लिहावयास हवा. कुंभारांच्या जीवनावरील त्यांच्या ‘हावठण’ या कादंबरीला 2016 चा सरस्वती सन्मान मिळाला, आणि ‘काळी गंगा’ तर कारवारकडची, म्हणजे आमच्या राज्याच्या वेशीबाहेरची. सीमेवरचा नाका ओलांडल्याचे भाषेला कळतदेखील नाही, एवढेच इथे नोंदवितो.

समुद्राचे काय, असे वाचक विचारतील. किनाऱ्याचे राज्य, आणि इतका वेळ समुद्राचा पत्ता नाही! त्याचे कारण असे की राहणारा माणूस समुद्र फारसा पाहत नाही. जून-जुलै दोन महिने ट्रॉलर किनाऱ्याला लागलेले असतात. त्या दिवसांत सुक्या बांगड्यावर आणि खाऱ्यावर भागवावे लागते. घरी तो समुद्र जाणवतो तो एवढाच. आणि खाजनवाल्याला तर समुद्र अडवावयाचा असतो. खाजन म्हणजे भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली असलेले शेत. नदीच्या खाऱ्या पाण्यापासून ते बांध घालून राखलेले असते. बांधाला लाकडी दारांचे ‘मानस’ असते. भरती आली की पाण्याच्या जोराने दारे आपोआप मिटतात, ओहोटीला आतले पाणी त्यांना ढकलून बाहेर जाते. मिठाला दाद न देणारे कोरगुट भात तिथे होते. एका माणसाने आपल्यापुरता बांध घालून भागत नाही. कोणा एकाच्या हद्दीत भोक पडले की साऱ्या गावाची शेते खारावतात. म्हणून बांध राखणे हे गावाचे काम, आणि पूर्वी ते गावकारीच्या व्यवस्थेत बसलेले होते. कूळ-कायदे आले, ते आवश्यकच होते. पण जमीन ज्याची त्याची झाली आणि बांध कोणाचा हा प्रश्न लोंबकळत राहिला. या एका मानशीच्या दारावर मोठी कादंबरी उभी राहील. बाकीबाबांच्या कवितेतला समुद्र गातो. या कादंबरीतला समुद्र रात्री बांध चाचपीत फिरेल.

भातशेतीवर राबणाऱ्यांची एक मोठी कादंबरी मात्र लिहिली गेली आहे, पण ती पोर्तुगीजमध्ये. ओर्लांदो द कॉश्ता यांची ‘उ सिग्नु दा इरा’, म्हणजे ‘क्रोधाचे चिन्ह’, 1961 साली पोर्तुगालमध्ये प्रसिद्ध झाली. भाटकाराच्या जमिनीवर राबणारी कष्टकरी माणसे आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली टंचाई हा तिचा विषय. लेखक मडगावच्या भाटकार समाजात वाढलेला, आणि लिहिले ते मजुरांविषयी! दोन वर्षांनी, 1963 साली, विमला देवी यांचा ‘मोंसांव’ म्हणजे ‘पावसाळा’ हा कथासंग्रह निघाला. हे नाव ख्रिस्ती घरातल्या लेखिकेने घेतलेले टोपणनाव आहे. तिच्या कथांत हिंदू घरे आहेत, ख्रिस्ती घरे आहेत, परदेशी गेलेल्यांची वाट पाहणाऱ्या बाया आहेत. याच मुलखावर लक्ष्मणराव सरदेसाई मराठीत कथा लिहीत होते, आणि लॅम्बर्ट मास्कारेन्हस यांची 1955 ची कादंबरी इंग्रजीत होती.

माझे सर्वांत मोठे भांडण आहे ते इथे. साडेचौदा लाख माणसे, आणि त्यांचे वाङ्मय मराठीत, नागरी कोंकणीत, रोमी कोंकणीत, पोर्तुगीजमध्ये आणि इंग्रजीत! ज्या मुलखात शेजाऱ्याच्या आजोबांचे कर्ज किती होते हे ठाऊक असते, तिथे शेजाऱ्याने लिहिलेले पुस्तक ठाऊक नसते. 1892 साली मुंबईत पहिले तियात्र झाले, तेव्हापासून आजतागायत तियात्राच्या रंगमंचावर मंत्र्यासंत्र्यांची गाण्यांतून जी रेवडी उडविली जाते, तेवढे धारिष्ट मराठी किंवा नागरी कोंकणी कादंबरीने क्वचितच दाखविले असेल. आमच्या गावच्या देवळात जत्रेला मराठी नाटक होते, तीन मैलांवर फेस्ताला तियात्र होते. दोन्हीकडे गर्दी, आणि दोन्हीकडे बसलेला माणूस मी हाताच्या बोटांवर मोजू शकतो. मराठी वाचकाला नागरी कोंकणी वाचावयाला पंधरा दिवसांपेक्षा अधिक लागत नाहीत, हे मी अनुभवाने सांगतो. अडलेल्या शब्दाला शब्दकोशापेक्षा शेजारीण बरी.

जानेवारी 2017 मध्ये पोर्तुगालचे तेव्हाचे पंतप्रधान आंतोनियु कॉश्ता भारतात आले, तेव्हा ते मडगावला आपल्या वडिलोपार्जित घरीही गेले. हे ओर्लांदोंचे चिरंजीव. घरातले लाडके नाव बाबुश. आमचा बाबुश पंतप्रधान झाला म्हणून साऱ्या गोव्याला कोण आनंद! आमच्या शिक्षकांच्या खोलीतही आठवडाभर दुसरा विषय नव्हता. ते कोणाच्या नात्यातले, घर कोणत्या गल्लीत, आजी कुठली, हे सर्वांना तोंडपाठ होते. वडिलांनी भाटकार-मजुरांवर कादंबरी लिहिली आहे असे मी म्हणालो, तेव्हा एका बाईंनी विचारले, ‘मराठीत आहे का हो, मास्तर?’ मी नाही म्हणालो. मग घंटा झाली आणि आम्ही आपापल्या वर्गांवर गेलो.